पेंग्विनवेडा डॉक्टर

दक्षिण ध्रुव म्हटला की कॅप्टन स्कॉट आठवतो. मला मात्र त्याचा सोबती डॉ. एडवर्ड विल्सन अधिक जवळचा वाटतो. पेशाने डॉक्टर, हात चित्रकाराचा, मन पाखरांत! १९११ च्या जून-जुलैत, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्यात, काळोखात आणि उणे ६० अंशांच्या थंडीत दोघा सोबत्यांसह त्याने पाच आठवडे पायपीट केली. कशासाठी? एम्परर पेंग्विनच्या अंड्यांसाठी. पाच मिळाली, दोन फुटली. पुढच्याच मार्चमध्ये, ध्रुवावरून परतताना, स्कॉटच्या शेजारी तंबूतच त्याने प्राण सोडला.

हा पक्षी पिल्ले वाढवतो ती गोठलेल्या समुद्रावर. विल्सनने ते बारकाईने टिपले होते. पण आता पृथ्वी तापते आहे. २०२२ मध्ये बेलिंग्सहाउझेन समुद्रातला बर्फ वेळेआधीच फुटला. पिल्लांना पोहण्याजोगी पिसेही फुटली नव्हती. तिथल्या पाचपैकी चार वसाहतींत त्या वर्षी बहुधा एकही पिल्लू वाचले नाही.