आधी चुकीचं सूत्र छापून बसलेल्या मास्तरांनीच पुढे ‘ओहमचा नियम’ शोधला

दहावीला विज्ञान शिकवताना क्लासचे सर फळ्यावर एक त्रिकोण काढायचे. वर व्ही, खाली आय आणि आर. जे काढायचंय त्यावर बोट ठेवा, उरलेलं उत्तर. दोन मार्क खिशात.

हे दोन मार्क मिळवून देणारा माणूस म्हणजे गेऑर्ग सिमोन ओहम. हा नियम मांडला म्हणून त्यांना शाबासकी मिळाली असेल असं वाटत असेल, तर तसं काही झालं नाही.

ओहम यांचा जन्म 16 मार्च 1789 चा, जर्मनीतल्या एर्लांगेन गावातला. वडील कुलपं बनवणारे कारागीर. शाळेचं तोंड फारसं न पाहिलेल्या या माणसाने स्वतःच्या हिमतीवर गणित वाचलं आणि गेऑर्ग आणि मार्टिन या दोन्ही पोरांना घरीच शिकवलं. सात भावंडांपैकी तिघंच जगली. गेऑर्ग दहा वर्षांचा असताना आई गेली.

1805 साली पोरगा विद्यापीठात गेला आणि अभ्यास सोडून नाच, बिलियर्ड्स आणि बर्फावरच्या स्केटिंगमध्ये रमला. आपल्याला जे मिळालं नाही ते हा उधळतोय, हे बघून वडिलांचा पारा चढला. त्यांनी त्याला थेट स्वित्झर्लंडला धाडलं, एका शाळेत गणिताचा मास्तर म्हणून. तिथे ओहम यांनी स्वतःहून अभ्यास केला आणि 1811 साली एर्लांगेनला परत येऊन डॉक्टरेट मिळवली. पण खिशात पैसे नव्हते. पुन्हा मास्तरकीच नशिबी आली.

1817 साली त्यांना कोलोनच्या शाळेत नोकरी मिळाली आणि तिथली प्रयोगशाळा चांगली होती. तारेची लांबी वाढवली की करंट किती कमी होतो, हा त्यांचा प्रश्न होता. तेव्हा बाजारात मल्टिमीटर नव्हता. वडिलांकडून हात चालवायला शिकलेले ओहम उपकरणं स्वतःच बनवायचे. तारेतून करंट गेला की जवळची चुंबकसुई वळते. ती किती वळते, यावरून करंट मोजायचा.

1825 मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला आणि तो चुकला. सूत्रात लॉगॅरिदम येत होता. दोष बॅटरीचा होता. त्या काळातली रासायनिक बॅटरी तार जोडल्याबरोबर जोरात करंट द्यायची आणि मग ढेपाळायची. दाबच स्थिर नसेल तर तारेचा गुण कळणार कसा?

इथे पोगेनडोर्फ नावाचे संपादक मदतीला आले. ज्या नियतकालिकात संशोधन छापून यायचं, त्याचे ते संपादक. त्यांनी सुचवलं की बॅटरी सोडा, थर्मोकपल वापरा. दोन वेगळे धातू जोडायचे, एक सांधा गरम आणि दुसरा थंड ठेवायचा की वीज तयार होते. झेबेक यांनी हे 1821 मध्येच दाखवलं होतं. ओहम यांनी बिस्मथ आणि तांबं घेतलं. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. पाणी उकळतंय आणि बर्फ वितळतोय तोवर तापमान हलत नाही, म्हणजे दाबही हलत नाही. किती साधा उपाय!

1826 च्या सुरुवातीला त्यांनी वेगवेगळ्या लांबीच्या आठ तांब्याच्या तारा एकेक करून जोडल्या आणि या वेळी आकडे चोख बसले. दाब जितका जास्त तितका करंट जास्त, आणि पूर्ण सर्किटचा रोध जितका जास्त तितका करंट कमी.

आता हेच घरच्या गिझरला लावा. 230 व्होल्टवर तो 8.7 अँपिअर करंट घेत असेल, तर 230 भागिले 8.7, म्हणजे रोध साधारण 26.4 ओहम. पॉवर हवी असेल तर भागायचं नाही, गुणायचं. 230 गुणिले 8.7, म्हणजे 2000 वॉट. व्होल्टेज पडून 180 झालं, तर करंट 6.8 अँपिअरवर येतो आणि पॉवर 1200 वॉटच्या आसपास. व्होल्टेज 22 टक्के पडलं, पण पॉवर जवळपास 39 टक्के गेली, कारण दाब आणि करंट दोन्ही एकदम घसरले. पाणी तापायला वेळ लागतो तो यामुळे. (पॉवरचं श्रेय मात्र ओहम यांचं नाही. तारेत उष्णता किती निर्माण होते याचा नियम ज्यूल यांनी 1841 साली छापला.)

एक अट आहे, तापमान बदलता कामा नये. जुना पिवळा बल्ब बऱ्याचदा बटण दाबतानाच उडायचा. थंड फिलामेंटचा रोध खूपच कमी असतो, त्यामुळे पहिला झटका मोठा बसतो.

तर ओहम यांनी अर्ध्या पगारावर रजा घेतली, बर्लिनला भावाकडे मुक्काम ठोकला आणि 1827 मध्ये पुस्तक काढलं. यावर विद्यापीठात प्राध्यापकी मिळेल ही आशा होती. पण पुस्तक गणिताने भरलेलं, आणि तिथल्या अनेक विद्वानांना भौतिकशास्त्रात इतकं गणित पटायचं नाही. एका समीक्षकाने तर ते निव्वळ कल्पनेचे खेळ ठरवले. दुखावलेल्या ओहम यांनी 1828 मध्ये कोलोनची नोकरी सोडली. पुढची पाच वर्षं बर्लिनमध्ये किरकोळ शिकवण्यात गेली. 1833 साली न्युरेंबर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये जागा मिळाली, पण विद्यापीठ दूरच राहिलं.

कौतुक झालं ते परदेशात. 1841 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोपली पदक दिलं. म्युनिक विद्यापीठात भौतिकशास्त्राचे पूर्ण प्राध्यापक व्हायला 1852 उजाडलं. तेव्हा ते 63 वर्षांचे होते. लग्न केलं नव्हतं. दोनच वर्षांत, 6 जुलै 1854 ला, ते गेले.

गंमत म्हणजे हा नियम त्यांच्या कितीतरी आधी इंग्लंडच्या हेन्री कॅव्हेंडिश यांना सापडला होता. करंट मोजायला ते स्वतःच्या अंगाला बसणारा झटका वापरायचे! पण त्यांनी ते छापलंच नाही. मॅक्सवेल यांनी ती टिपणं बाहेर काढून प्रसिद्ध केली 1879 साली. दोन वर्षांनी पॅरिसला विजेची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि रोधाच्या एककाला नाव मिळालं, ओहम.