कृपाबाई सत्यनाथन

कृपाबाई सत्यनाथन (इ.स. १८६२ – इ.स. १८९४) या इंग्रजीत कादंबरी लिहिणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक होत्या. त्यांची मातृभाषा मराठी होती. 'सगुणा' आणि 'कमला' या त्यांच्या दोन कादंबऱ्या. पहिलीत एका ख्रिस्ती मुलीची कथा आहे, तर दुसरीत एका हिंदू विधवेची. लहानपणी वडील, पुढे ज्येष्ठ बंधू आणि विवाहानंतर एकुलते एक मूल असे मृत्यू त्यांनी पाहिले. या आघातांतून वाट काढणाऱ्या श्रद्धेचा शोध हे त्यांच्या लेखनाचे मुख्य सूत्र मानता येते.

== बालपण ==

कृपाबाईंचा जन्म अहमदनगर येथे झाला. त्यांचे वडील हरिपंत खिस्ती हे अहमदनगरच्या अमेरिकन मिशनमधील सुरुवातीच्या ब्राह्मण धर्मांतरितांपैकी होते. खिस्ती हे घराण्याचे मूळचेच आडनाव असून धर्मांतराशी त्याचा संबंध नाही. आई राधाबाई यांचा विवाह तत्कालीन रीतीप्रमाणे बालवयातच झाला होता. पतीने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा त्यांच्यावर आकाशच कोसळले. माहेर, सासर, सोवळेओवळे आणि सणवार हे सारे एकाच वेळी तुटले. पुढे त्यांनीही तो धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मुळे अशा संसाराचे चित्र मराठी वाचकाला परिचित आहे. कृपाबाईंनी आपल्या आईची ही कहाणी त्याच्या कितीतरी आधी 'सगुणा'च्या प्रारंभीच्या भागात सांगितली.

मोठ्या भावंडसमुदायात वाढलेल्या कृपाबाईंचे पितृछत्र लहानपणीच हरपले. त्यानंतर ज्येष्ठ बंधू भास्कर यांनी त्यांच्या मनाची जडणघडण केली. मुलींनी ग्रंथ वाचावेत, स्वतंत्र विचार करावा, असे मानणारी माणसे त्या काळी थोडी होती आणि भास्कर त्यांपैकी एक होते. तेही अकाली गेले. बंधूच्या मृत्यूने झालेली जखम कृपाबाईंच्या लेखनात शेवटपर्यंत जाणवते.

== वैद्यकीय शिक्षण व विवाह ==

यानंतर मिशनच्या आश्रयाने त्यांचे शिक्षण मुंबईत झाले. पडद्यातील स्त्रियांना पुरुष वैद्याकडे जाता येत नसे; त्यांच्यासाठी आपण वैद्यक शिकावे, असा निश्चय त्यांनी येथे केला. इंग्लंडमध्ये शिकण्याची संधी नाजूक प्रकृतीमुळे हुकली. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयाने काही वर्षांपूर्वीच स्त्रियांना प्रवेश देण्यास सुरुवात केली होती. तेथे १८७८ मध्ये त्यांना प्रवेश मिळाला. मद्रासमध्ये त्यांचा मुक्काम ख्यातनाम धर्मोपदेशक रेव्हरंड डब्ल्यू. टी. सत्यनाथन यांच्या घरी होता. अभ्यासात त्या चमकल्या, परंतु वर्ष पुरे होण्याआधीच प्रकृती ढासळली आणि त्यांना विश्रांतीसाठी पुण्याला बहिणीकडे परतावे लागले. डॉक्टर होण्याचे स्वप्न तेथेच संपले.

पुन्हा मद्रासला गेल्यावर यजमानांचे केंब्रिजला शिकून आलेले पुत्र सॅम्युअल यांच्याशी त्यांचा परिचय झाला आणि १८८१ मध्ये दोघांचा विवाह झाला. सॅम्युअल उटी येथील ब्रीक्स स्मारक शाळेचे मुख्याध्यापक झाले. उटीच्या थंड हवेत कृपाबाईंची प्रकृती सुधारली. तेथे त्यांनी मुस्लिम मुलींसाठी शाळा काढली आणि टोपणनावाने नियतकालिकांत लेख लिहिले. पुढे राजमहेंद्री व कुंभकोणम येथे काही काळ राहून १८८६ मध्ये दांपत्य मद्रासला स्थायिक झाले.

== 'सगुणा' ==

ही आत्मचरित्रात्मक कादंबरी १८८७–८८ मध्ये 'मद्रास ख्रिश्चन कॉलेज मॅगझिन'मधून क्रमशः प्रसिद्ध झाली. नायिका सगुणा म्हणजे स्वतः लेखिकाच, हे वाचकाला ओळखता येते. मृत बंधूचे भास्कर हे नावदेखील त्यांनी बदललेले नाही. ख्रिस्ती कुटुंबातील जन्म ही सगुणेच्या श्रद्धेची पूर्तता नसून सुरुवात आहे. लाडक्या भावाच्या मृत्यूनंतर आईवडिलांकडून आलेला देव तिला पुरत नाही, तो तिला स्वतःच शोधावा लागतो. युरोपीय धर्मभगिनींच्या वागण्यातील वरचढपणाही कृपाबाई झाकून ठेवत नाहीत. मिशनच्या प्रचारसाहित्यापेक्षा ही कादंबरी वेगळी ठरते ती या प्रांजळपणामुळे.

== अपत्यवियोग आणि 'कमला' ==

मद्रासच्या वास्तव्यात कृपाबाईंना झालेले एकुलते एक मूल वर्षाचे होण्याआधीच दगावले. या धक्क्याने त्या खोल खिन्नतेत गेल्या, उपचार करावे लागले आणि क्षयरोगाने उचल खाल्ली. १८९० मध्ये सासूबाई ॲना आणि १८९२ मध्ये सासरे निवर्तले. दोघांच्याही आठवणी कृपाबाईंनी लिहून ठेवल्या. आपले आयुष्य थोडे उरले आहे हे जाणून त्यांनी 'कमला' लिहायला घेतली आणि आजारपणातच ती पूर्ण केली.

कमला ही महाराष्ट्रीय ब्राह्मण समाजातील, डोंगरावर एकांतात राहणाऱ्या संन्यस्त पित्याची मुलगी. सासरचा जाच आणि पतीची उपेक्षा सोसून ती तरुणपणीच विधवा होते. तिच्यावर मनापासून प्रेम करणारा रामचंद्र पुनर्विवाहाचा प्रस्ताव मांडतो, पण ती नकार देते आणि दीनदुबळ्यांच्या सेवेत आयुष्य घालवते. येथे बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) या कादंबरीशी तुलना उद्बोधक आहे. त्यातील विधवा यमुना ख्रिस्ती होते व पुनर्विवाह करते. कृपाबाईंसारख्या धर्मनिष्ठ ख्रिस्ती लेखिकेची नायिका मात्र शेवटपर्यंत हिंदूच राहते. लेखिकेने आपला धर्म तिच्यावर लादला नाही. दुःखाने शुद्ध झालेले करुणामय मन तेवढे तिला दिले. नकारामागे रूढीचे दडपणही आहे, हे लेखिका लपवत नाही. त्यामुळे काही वाचकांना हा शेवट अपुरा वाटतो.

== मृत्यू व नंतर ==

१८९४ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, कृपाबाईंचे निधन झाले. 'कमला' त्याच वर्षी श्रीमती एच. बी. ग्रिग यांच्या चरित्रपर प्रस्तावनेसह ग्रंथरूपात आली आणि पुढच्या वर्षी 'सगुणा'. १८९६ मध्ये त्यांचे संकीर्ण लेखन संकलित झाले. दोन्ही कादंबऱ्यांचे तमिळ अनुवादही निघाले. त्यानंतर जवळजवळ शतकभर त्या विस्मृतीत होत्या. १९९८ मध्ये चांदनी लोकुगे यांच्या संपादनाखाली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने त्या पुन्हा प्रकाशित केल्या.