भूकंपानंतर बदनाम झालेल्या मातीला आयुष्यभर साथ देणारा आर्किटेक्ट : लॉरी बेकर

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. उमरगा आणि औसा तालुक्यातली गावंच्या गावं भूकंपात झोपली. जवळपास ८ हजार माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यावरचं माळवद अंगावर कोसळलं होतं. तेव्हापासून इथल्या लोकांनी मातीच्या घराची धास्तीच घेतली.

पण दोष मातीचा होता की बांधकामाचा? हे समजून घ्यायचं तर लॉरी बेकर समजून घ्यावे लागतात.

बेकर १९१७ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला जन्मले. शिकले आर्किटेक्चर. दुसऱ्या महायुद्धात रुग्णसेवेसाठी चीनला गेले. परतताना जहाजाची वाट बघत मुंबईत थांबले आणि गांधीजींची भेट झाली. घराचं सामान पाच मैलांच्या आतलं असावं, हा गांधीजींचा विचार त्यांनी कायमचा उचलला.

१९४५ ला ते भारतात आले, कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यांची कामं करायला. १९४८ मध्ये डॉ. एलिझाबेथ जेकब यांच्याशी लग्न झालं. पुढची अनेक वर्षं दोघं पिथोरागडला राहिले. तिथल्या गवंड्यांची कामं बघत बेकर नव्याने शिकले.

त्यानंतर केरळ गाठलं. तिथे विटा आडव्या न ठेवता उभ्या लावून मध्ये पोकळी सोडणारी 'रॅट ट्रॅप' भिंत त्यांनी रुजवली. यात साधारण २५ टक्के विटा वाचतात. स्लॅबमध्ये जिथे काँक्रीटवर फारसा ताण नसतो, तिथे ते कौलं घालायचे. मातीवर तर त्यांनी चित्रांसह पुस्तिकाच काढली. माती कशी तपासायची, चुना किंवा सिमेंट मिसळून ती टिकाऊ कशी करायची, सगळं सोप्या भाषेत.

आता परत उमरग्याकडे. तिथल्या भिंती दोन पदरी होत्या, मध्ये दगडगोट्यांची भर. दोन्ही पदर बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच. वरून माळवदाचं प्रचंड ओझं. हादरे बसले आणि पदर सुटले.

म्हणजे माती नवी असो की जुनी, भूकंपाच्या पट्ट्यात छप्पर हलकं हवं, भिंतीला चारी बाजूंनी फिरणारा काँक्रीटचा पट्टा हवा. ही काळजी घेतली तर गावची माती आजही स्वस्त घर देऊ शकते.

१९९० मध्ये बेकर यांना पद्मश्री मिळाला. १ एप्रिल २००७ ला तिरुवनंतपुरममध्ये ते गेले. बेकर यांची घरं मात्र आजही उभी आहेत.