भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तूप घेऊन धावले संत नामदेव. घरात नवे पिल्लू आणणाऱ्यांनी यातून काय घ्यावे?

कुत्र्याने भाकरी पळवली की काठी घेऊन धावणारे घरोघरी सापडतात. तुपाची वाटी घेऊन धावणारे म्हणून महाराष्ट्र ओळखतो ते संत नामदेवांना. त्यांचे जन्मगाव मानले जाणारे नर्सी हिंगोली जिल्ह्यात आहे. त्यांना गुरू भेटले असे परंपरा सांगते, ते औंढा नागनाथही याच जिल्ह्यात. कुत्र्या-मांजराचे पिल्लू घरी आणताना हे चरित्र का आठवावे, ते जाणून घेऊया.

कोण होते नामदेव?

नामदेवांचा जन्म १२७० चा मानला जातो. वडील दामाशेटी, आई गोणाई, घरचा व्यवसाय शिंप्याचा. कयाधू नदीकाठचे नर्सी हे त्यांचे गाव, तर काही अभ्यासक जन्म पंढरपूरचा मानतात. बालपण मात्र पंढरपुरात विठ्ठलाच्या सान्निध्यात गेले. लहानग्या नामदेवांना घरच्यांनी एकदा नैवेद्य घेऊन मंदिरात पाठवले. मूर्ती जेवत नाही म्हणून पोर हटून बसले आणि शेवटी देवाला जेवावे लागले, अशी कथा आहे. त्या वयात त्यांचा देव एका मंदिरात, एका विटेवर होता.

औंढ्यात काय घडले?

पुढे संतमेळ्यात गोरा कुंभारांनी थापटण्याने एकेकाचे डोके तपासले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरले. भक्ती होती, गुरू नव्हता. त्यानंतर ते विसोबा खेचरांकडे गेले. लोकपरंपरेनुसार औंढ्याच्या मंदिरात विसोबा चक्क पिंडीवर पाय ठेवून पहुडले होते. नामदेवांनी पाय उचलून बाजूला ठेवले, तर तिथेही पिंड उमटली. जिथे पाय ठेवावेत तिथे पिंड. देव नाही अशी जागाच नाही, हे त्यांना तिथे उमगले.

मग कुत्र्याची गोष्ट

या धड्याची परीक्षा जेवायच्या वेळी झाली. कुत्र्याने भाकरी उचलली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले. कोरडी भाकरी त्याच्या घशाला लागेल, ही त्यांची काळजी. लहानपणी मूर्तीला जेवू घालणाऱ्या नामदेवांना आता कुत्र्यातही तोच विठ्ठल दिसत होता.

ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये आळंदीला समाधी घेतली. त्यानंतर नामदेव उत्तरेकडे गेले आणि पंजाबातील घुमान येथे दीर्घकाळ राहिले. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. १३५० मध्ये त्यांनी देह ठेवला, असे मानतात. पंढरपूरच्या महाद्वारातील नामदेव पायरी भक्तांच्या पायधुळीसाठी त्यांनीच मागून घेतली, अशी श्रद्धा आहे.

आज ही वाटी कशाची?

नामदेवांच्या काळात लस नव्हती. रेबीजची लस माणसाला पहिल्यांदा १८८५ मध्ये लुई पाश्चर यांनी दिली. आज ती उपलब्ध आहे, तरी अनेक घरांत पिल्लाला भाकरी मिळते, लस मिळत नाही. रेबीजची लक्षणे दिसू लागली की जीव वाचणे जवळपास अशक्य असते. पिल्लाशी सर्वाधिक खेळतात ती लहान मुले, म्हणून हा प्रश्न घरातल्या लेकरांचाही आहे.

पिल्लू आणल्यावर काय करावे?

– पिल्लू ८ आठवड्यांचे होईपर्यंत आईपासून तोडू नका.
– घरी आणल्यावर लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्या.
– जंताचे औषध वयाच्या २-३ आठवड्यांपासून सुरू होते. मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे अंदाजाने देऊ नका.
– कुत्र्याच्या पिल्लाला पार्वो आणि डिस्टेंपरची पहिली लस ६ ते ८ आठवड्यांत द्यावी. पुढचे डोस १६ आठवड्यांपर्यंत दर ३-४ आठवड्यांनी असतात.
– मांजरीच्या पिल्लाचे लसीकरण साधारण ८ आठवड्यांपासून सुरू होते.
– रेबीजची लस दोघांनाही साधारण ३ महिन्यांचे झाल्यावर द्यावी. बूस्टरची तारीख कार्डावर लिहून घ्या.
– गाईच्या दुधाने पिल्लांना जुलाब होऊ शकतात. तूप आणि तेलकटही टाळा. गोष्टीतली वाटी मायेची होती, ती आहाराचा सल्ला नव्हे.
– पिल्लाने चावले किंवा ओरखडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. हळद, चुना, तिखट लावू नका.

कुत्र्याच्या घशाला कोरडी भाकरी लागेल, इतका पुढचा विचार नामदेवांनी केला. दारातल्या पिल्लाचा तेवढाच पुढचा विचार करायचा, तर भाकरीसोबत लसीची तारीखही लक्षात ठेवावी लागेल.