हिरवळीचा कारागीर : एडविन बडिंग

महाराज बाड्यावर येणाऱ्या पाहुण्याची नजर प्रथम तेथील भव्य इमारतींवर जाते. टाउन हॉल, पोस्टाची इमारत, व्हिक्टोरिया मार्केट आणि मध्यभागी शिंदे महाराजांचा पुतळा या साऱ्यांची हकीकत ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून मुलांना मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. परंतु बागेतील किंवा क्रीडांगणावरील नीट कापलेली हिरवळ पाहून, ती अशी सारखी कोणी केली, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. पायाखालच्या वस्तूला इतिहास असतो, हे आपल्या ध्यानातच येत नाही. त्या इतिहासात एका कारागिराचे नाव आहे. त्याचे नाव एडविन बियर्ड बडिंग. गवत कापण्याचे यंत्र, ज्याला आपण लॉन मोअर म्हणतो, ते त्याने जगाला दिले. या लेखात त्याचे चरित्र आम्ही विद्यार्थिमित्रांपुढे ठेवीत आहो.

बडिंगचा जन्म १७९६ साली इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यात, स्ट्राउड या गावाच्या परिसरात झाला. तेथील दऱ्यांतून लहान लहान नद्या वाहतात, आणि त्यांच्या पाण्यावर त्या काळी लोकरी कापडाच्या अनेक गिरण्या चालत. बडिंगने आरंभी सुतारकाम केले. पुढे लाकडाकडून तो लोखंडाकडे वळला आणि गिरण्यांची यंत्रे दुरुस्त करणे, त्यांत सुधारणा करणे, नवी यंत्रे जुळविणे हा त्याचा व्यवसाय झाला. मोठ्या विद्यापीठाची पदवी त्याच्यापाशी नव्हती. हातातील कसब आणि डोळ्यांतील जिज्ञासा एवढेच त्याचे भांडवल होते.

त्याच्या शोधाचे मर्म कळण्यास लोकरी कापड कसे तयार होते ते थोडे पाहिले पाहिजे. आपल्या बिर्लानगरातील आता बंद पडलेल्या जे. सी. मिलच्या आठवणी ज्यांच्या घरी सांगितल्या जातात, त्यांना सुती कापडाची ओळख असेलच. लोकरी कापडाची गोष्ट थोडी निराळी आहे. ते विणून, खळून, घासून झाले म्हणजे त्याच्या अंगावर बारीक लव उभी राहते. ती लव सारख्या उंचीवर कातरली नाही तर कापड ओबडधोबड दिसते. पूर्वी हे काम कसबी कारागीर भल्यामोठ्या जड कातरींनी करीत. पुढे स्ट्राउडजवळच्या ब्रिम्सकोम येथील जॉन लुइस याने १८१५ साली लव कातरण्याच्या फिरत्या यंत्राचे पेटंट घेतले. पीळ दिलेली पाती एका दंडगोलावर बसविलेली असत. तो दंडगोल फिरू लागला म्हणजे पाती खालच्या स्थिर पात्याला घासून जात, आणि त्या दोहोंमध्ये सापडलेली लव कातरीत सापडल्यासारखी सफाईने कापली जाई.

अशी यंत्रे गिरण्यांतून शेकडो लोक रोज पाहत होते. बडिंगने मात्र त्या लवेच्या जागी गवत पाहिले. त्या काळी हिरवळ कापण्यास लांब दांड्याचे मोठे विळे वापरीत. हे काम फार कौशल्याचे असे. गवतावर दहिवर असले म्हणजेच विळा चांगला चाले. म्हणून मजुरांना भल्या पहाटे कामास लागावे लागे. ऊन चढून गवत कोरडे झाले की पाते त्यावरून निसटू लागे. शिवाय हात किंचित वरखाली झाला की जमिनीवर चंद्रकोरीसारखे व्रण उमटत. म्हणून सारखी हिरवळ ही श्रीमंतांचीच मिरासदारी होती. पुष्कळ मजूर ज्याच्या पदरी, त्याच्याच दारी ती असे.

लवेचे यंत्र गवतावर नेण्यात एक मोठी अडचण होती. गिरणीत यंत्र जागच्या जागी राहते आणि कापड त्याखालून सरकते. जमीन तर सरकणार नाही. तेव्हा यंत्रालाच चालविले पाहिजे. शिवाय त्याची पाती फिरविण्यास पाण्याचे किंवा वाफेचे बळ बागेत कोठून आणावयाचे? बडिंगने याचे उत्तर फार सुंदर काढले. त्याने यंत्राच्या मागे एक जड रूळ बसविला. माणूस यंत्र ढकलू लागला की रूळ जमिनीवर फिरे, आणि दातेरी चाकांच्या योगाने ती गती पात्यांच्या दंडगोलाला मिळे. रुळाचा एक फेरा होई तोवर पात्यांचे सोळा फेरे होत. गवत किती उंच ठेवावयाचे ते ठरविण्यास एक लहान रूळ होता. तो वरखाली करता येई. कापलेले गवत पुढच्या पेटीत जाऊन पडे. पहिल्या यंत्राची रुंदी एकोणीस इंच होती. मागून एकाने ढकलावे व पुढून दुसऱ्याने ओढावे, अशीही त्यात सोय होती.

बडिंगपाशी कल्पना होती, पण पैसा नव्हता. थ्रप येथील फिनिक्स फाउंड्री या ओतकामाच्या कारखान्याचा चालक जॉन फेराबी त्याच्या मदतीस आला. मे १८३० मध्ये दोघांचा करार झाला. खर्च फेराबीने सोसावा आणि यंत्रे बनविण्याचे व विकण्याचे हक्क त्याच्याकडे असावेत असे ठरले. ३१ ऑगस्ट १८३० रोजी पेटंट मिळाले. असे सांगतात की यंत्राच्या परीक्षा बडिंग रात्रीच्या अंधारात घेत असे. शेजाऱ्यांनी त्याला वेडा म्हणू नये, किंवा कोणी कल्पना चोरू नये, हे त्याचे कारण असावे असे मानतात.

आम्हांस वाटते, त्या वर्षाकडे थोडे निरखून पाहिले पाहिजे. याच ऑगस्ट महिन्यात इंग्लंडच्या केंट परगण्यात शेतमजूर मळणीची यंत्रे मोडू लागले होते, कारण त्या यंत्रांनी त्यांची हिवाळ्यातील रोजी हिरावली होती. त्याआधी १८१२ साली यॉर्कशायरमध्ये लव कातरणाऱ्या कारागिरांनी कातरणीची यंत्रे फोडली होती. म्हणजे ज्या यंत्रापासून बडिंगला स्फूर्ती झाली, त्याच जातीच्या यंत्राने कित्येकांच्या हातचे काम गेले होते. बडिंगचे नवे यंत्रही या प्रश्नातून सुटले नाही. १८३१ साली लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयाच्या बागेत ते चालू झाले, तेव्हा तेथील मुकादमाच्या हिशेबाने दोन माणसे यंत्राच्या साह्याने विळा व झाडू घेतलेल्या सहा ते आठ माणसांचे काम करू लागली. मालकाला हा हिशेब गोड वाटला असेल. उरलेल्या माणसांना तो कसा वाटला असेल, याचा विचार वाचकांनीच करावा. शोधकाला दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. पहाटेच्या थंडीत कमरेतून वाकून करावयाचे कष्ट त्याने हलके केले, हेही तितकेच खरे आहे. परंतु यंत्राने वाचविलेल्या श्रमाचा लाभ कोणाला मिळावा, हे यंत्र ठरवीत नसते. ते समाजाला ठरवावे लागते.

पेटंटच्या वर्णनात बडिंगने आणखी एक गोष्ट सुचविली होती. खेड्यांतील सद्गृहस्थांनी हे यंत्र स्वतः चालविले तर त्यांना करमणूक होईल आणि निरोगी व्यायामही घडेल, असे त्याचे म्हणणे होते. ज्या कामास हलके मानले जाई ते मालकानेही हौसेने करावे, ही सूचना त्या काळी थोडी धीटच म्हटली पाहिजे.

१८३२ साली इप्सविच येथील रॅन्सम कंपनीने हे यंत्र बनविण्याचा परवाना घेतला. थ्रपच्या कारखान्यातूनही १८६३ पर्यंत पाच हजारांहून अधिक यंत्रे बाहेर पडली. बडिंग मात्र एवढ्यावर थांबला नाही. स्क्रूने लहानमोठा करता येणारा पाना आणि अनेक नळ्यांचे पिस्तूल हीही त्याच्या हातची कामे होत. पुढे तो डर्सली या गावी जाऊन लोकर पिंजण्याच्या यंत्रांच्या सुधारणेत गुंतला. तेथेच १८४६ साली, पन्नाशीच्या वयात, त्याचा अंत झाला. विम्बल्डनच्या हिरवळीवर टेनिसचे सामने १८७७ साली सुरू झाले. ते पाहण्यास तो उरला नव्हता. १८९० नंतरच्या दशकात वाफेवर चालणारी आणि १९०२ साली पेट्रोलवर चालणारी यंत्रे आली, तीही त्याने पाहिली नाहीत. आपल्या ग्वाल्हेरच्या कॅप्टन रूपसिंग क्रीडांगणावर २४ फेब्रुवारी २०१० रोजी सचिन तेंडुलकर यांनी पुरुषांच्या एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामन्यांतील पहिले द्विशतक पुरे केले. त्या दिवशी सीमेकडे धावणाऱ्या चेंडूखालची सारखी हिरवळ ही थ्रपच्या त्या रात्रींचीच दूरची देणगी होय.

बडिंगच्या यंत्राची रचना समजली म्हणजे ते कसे चालवावे हेही आपोआप समजते. फिरते पाते स्थिर पात्याला नेमके भिडले तरच गवत कातरले जाते. अंतर राहिले किंवा धार गेली की ते ओरबाडले जाते, आणि टोके पिवळी पडतात. म्हणून चांगला माळी आधी पाती पाहतो, मग गवत. आपल्याकडील हिरवळ बहुधा हरळीची, म्हणजे गणपतीला वाहतो त्या दूर्वांची असते. एका खेपेस तिची एकतृतीयांशाहून अधिक उंची कापू नये. नाहीतर मुळे दुबळी होतात. ग्वाल्हेरच्या वैशाखातील उन्हात गवत थोडे उंचच राखावे, म्हणजे जमिनीला सावली मिळते. पावसाळ्यात ते झपाट्याने वाढते, तेव्हा थोडे थोडे पण वारंवार कापावे. विळ्याला दहिवर हवे असे. यंत्राला कोरडे गवत हवे. ओले गवत पात्यांत गुंतते आणि पायही घसरतो. प्रत्येक वेळी दिशा बदलावी आणि मागच्या पट्ट्यावर थोडा पट्टा चढवावा, म्हणजे मध्ये शेंड्या राहत नाहीत.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पात्याला गवत आणि बोट यांतील भेद कळत नाही. काम सुरू करण्यापूर्वी खडे, तारा, काटक्या वेचून टाकाव्यात; आजच्या मोटारीच्या यंत्राखालून सुटलेला खडा गोफणीतल्या दगडासारखा जातो. पायांत बंद बूट असावेत. लहान मुलांना दूर ठेवावे. उतारावर हाताने ढकलावयाचे यंत्र आडवे चालवावे, आणि ते कधीही स्वतःच्या पायांकडे ओढू नये. गवत अडकले तर आधी यंत्र बंद करावे. विजेचे असेल तर प्लग काढावा; पेट्रोलचे असेल तर ठिणगी देणाऱ्या प्लगची तार सोडवावी. मग काठीने गवत काढावे. हाताने ढकलण्याच्या यंत्रातही अडकलेली पाती गवत सुटताच झटकन फिरतात, म्हणून तेथेही बोट घालू नये. तापलेल्या यंत्रात पेट्रोल ओतू नये.

या सूचना क्षुल्लक वाटतील. पण बडिंगचे सारे आयुष्य अशा क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींकडे लक्ष देण्यातच गेले. लवेची उंची, पात्यांतील अंतर, रुळाचे फेरे यांपलीकडे त्याच्या शोधात काही गूढ नव्हते. रोजच्या कामाकडे जो नीट पाहतो त्याला नवे सुचते, आणि जो नीट पाहत नाही त्याचे बोट जाते. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी उद्या कारखान्यात, शेतात किंवा प्रयोगशाळेत काम करील. त्याने आपल्या हातातील यंत्राकडे असेच डोळसपणे पाहावे, आणि ते यंत्र येण्यापूर्वी तेच काम हाताने करणाऱ्या माणसाची आठवण ठेवावी, एवढीच आमची इच्छा आहे.