मैत्री मागायला गेलेला बिशप

समुद्रापलीकडून येणारा धर्मोपदेशक किनारपट्टीवरील आपणां लोकांना नवा नाही. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री १५७९ साली गोव्यात उतरला, येथली भाषा शिकला आणि मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचून गेला. १६१६ साली राशोल येथे तो ग्रंथ छापला गेला. ज्यांना त्याच्या धर्माशी काही कर्तव्य नाही, तेही त्या ग्रंथाकडे मराठीचे एक लेणे म्हणून आदराने पाहतात. त्याच शतकात याच भूमीवर देवळे जमीनदोस्त झाली, हेही कोणी विसरलेले नाही. मिशनरी म्हटला की आपल्या मनात हे दोन्ही भाव एकदम उभे राहतात. परंतु उलट दिशेने, म्हणजे येथून समुद्रपार जाऊन, तेथल्याच उपदेशकांना त्यांच्याच बायबलाचा अर्थ सुनावून आलेल्या एका भारतीयाचे नाव आपल्याकडे फारसे घेतले जात नाही. निजामाच्या हैदराबाद संस्थानात आयुष्याची पस्तीस वर्षे घालविलेले बिशप वेदनायकम सॅम्युएल अझरया हे ते गृहस्थ होत.

अझरया यांचा जन्म १७ ऑगस्ट १८७४ रोजी तिरुनेलवेली जिल्ह्यातील वेळ्ळालनविळै या खेड्यात झाला. घराणे नाडार जातीचे, वडील गावचे ख्रिस्ती धर्मगुरू. मुलगा पंधरा वर्षांचा असताना वडील वारले. मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजात त्यांनी गणिताचा अभ्यास केला, पण आजारपणामुळे परीक्षा हुकली आणि पदवी राहून गेली. पुढे १९२० साली केंब्रिज विद्यापीठाने याच पदवीहीन माणसाला सन्मान्य डॉक्टरेट दिली, हा योगायोग गमतीचा म्हटला पाहिजे. १८९५ पासून ते वाय. एम. सी. ए. या संस्थेचे चिटणीस म्हणून दक्षिणेत हिंडू लागले. १८९८ साली त्यांचा विवाह झाला, तोही हुंडा न घेता.

त्यांच्या आयुष्याला वळण लागले ते एका छोट्या समुद्रप्रवासाने. १९०२ साली ते जाफन्यास गेले. तेथील तमिळ ख्रिस्ती लोक कोणा गोऱ्या मिशनची वाट न पाहता स्वतःच्या पैशाने प्रचारक पाठवीत होते. हे पाहून अझरया यांना आपल्याकडील स्थितीची लाज वाटली. पुढच्याच वर्षी, १९०३ साली, तिरुनेलवेलीत भारतीय मिशनरी मंडळी स्थापन झाली. माणसे येथली, पैसा येथला आणि कारभारही येथलाच, असा तिचा दंडक होता. १९०५ च्या नाताळच्या दिवशी सेरामपूर येथे अशाच तत्त्वावर अखिल भारतीय संस्था निघाली, तिच्या उभारणीतही ते होते. याच वर्षी वंगभंगाने देश पेटला होता आणि स्वदेशीची शपथ घरोघर घेतली जात होती. चर्चच्या भिंतीआडही तेच वारे शिरले होते, याची नोंद आमच्या इतिहासकारांनी पुरेशी घेतलेली नाही असे आम्हांस वाटते.

तिरुनेलवेलीच्या मंडळीने निवडलेले क्षेत्र म्हणजे निजामाच्या राज्यातील वरंगळकडचा तेलुगू मुलूख. तमिळ माणसाला तो परदेशच. भाषा निराळी, राजा निराळा. आपले मराठवाड्याचे पाच जिल्हे ज्या राज्यात होते त्याचेच हे पूर्वेकडील टोक. हैदराबाद शहरापासून सुमारे दोनशे किलोमीटरवर डोर्नकल हे रेल्वे जंक्शन आहे. तेथून कोळशाच्या खाणींकडे फाटा जातो. १९०९ साली धर्मगुरुपदाची दीक्षा घेऊन, चिटणिसाची बरी नोकरी सोडून, अझरया येथे आले आणि वयाच्या पस्तिशीत तेलुगू भाषा गिरवू लागले.

दुसऱ्याच वर्षी त्यांना स्कॉटलंडला जावे लागले. जून १९१० मध्ये एडिंबरो येथे जगभरच्या प्रॉटेस्टंट मिशनांची परिषद भरली. सुमारे बाराशे प्रतिनिधींत आशियातून आलेले वीसही नव्हते. परदेशी व देशी कार्यकर्त्यांतील सहकार्य, हा विषय अझरया यांच्याकडे आला होता. असल्या सभेत पाहुण्याने काय बोलावे याचे संकेत ठरलेले असतात. यजमानांचे आभार मानावेत, आपल्या देशातील अंधाराचे वर्णन करावे, आणखी मदतीची याचना करावी. अझरया यांनी यांतले फक्त आभार मानले. मिशनऱ्यांनी केलेला त्याग आणि कष्ट त्यांनी मोकळ्या मनाने मान्य केले. मग त्यांनी सांगितले ते असे की, या दोन वर्गांत मैत्रीच नाही. वर्षानुवर्षे एकाच कामावर असलेला देशी उपदेशक साहेबाच्या बंगल्यावर कधी जेवायला बोलावला जात नाही. दोघांचे नाते मालक-नोकराचे आहे. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पत्रात प्रीतीविषयीचा एक अध्याय आहे. सर्वस्व दान केले, देह जाळावयास दिला, तरी प्रीती नसेल तर ते व्यर्थ, असा त्याचा आशय. अझरया यांनी तोच अध्याय त्या सभेपुढे आरशासारखा धरला आणि शेवटी आपल्या लोकांसाठी एकच मागणे केले: आम्हांला मित्र द्या.

सभेत चुळबूळ झाली. हिंदुस्थानात काम करणाऱ्या कित्येक मिशनऱ्यांना राग आला. कृतघ्नपणाचा आरोप करावयास ते तयारच होते. परंतु त्या दहा दिवसांत झालेल्या असंख्य भाषणांतून आज लोकांच्या स्मरणात राहिले आहे ते प्रामुख्याने हेच. काँग्रेस अजून अर्जविनंत्यांच्या मार्गावर होती, लोकमान्य मंडालेच्या तुरुंगात होते, आणि एक पस्तीस वर्षांचा काळा पाद्री साम्राज्याच्या घरात उभा राहून सांगत होता की, तुमचे दान आम्हांस पुरे झाले. ते धैर्य राजकीय नव्हते असे कोण म्हणेल?

२९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्याच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये त्यांचा बिशप म्हणून अभिषेक झाला. अँग्लिकन चर्चचे ते पहिले भारतीय बिशप. मद्रासचे बिशप व्हाइटहेड त्यांच्या पाठीशी उभे राहिले, तरी नेमणुकीस विरोध झालाच, आणि तो केवळ गोऱ्यांचा नव्हता. खुद्द तिरुनेलवेलीच्या ख्रिस्ती लोकांतही तो होता. यापुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. १९४५ साली अझरया वारले तोपर्यंत, म्हणजे सुमारे बत्तीस वर्षे, स्वतंत्र धर्मप्रांत सांभाळणारा दुसरा भारतीय अँग्लिकन बिशप नेमलाच गेला नाही. एडिंबरोचे भाषण मिशनांना पाठ झाले होते, पण खुर्ची सोडण्याची वेळ आली की हात आखडत होता.

डोर्नकलला ते बैलगाडीतून खेडोपाडी हिंडत. त्यांच्यापुढे येणारे लोक बहुतेक माला आणि मादिगा या अस्पृश्य जातींचे होते. घाण, रोगराई, कर्ज आणि दारू ही त्यांच्या लेखी चार भुते होती आणि बायबल शिकविण्याइतकाच त्यांच्याशी झगडणे हा बिशपचा धंदा आहे, असे ते मानीत. बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाला, अक्षरशत्रू असला तरी, डोक्यावर हात ठेवून ते वदवून घेत की, मी हा संदेश दुसऱ्याला सांगितला नाही तर धिक्कार असो माझा. बायका स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढीत. आपल्याकडच्या मुष्टिफंडाची आठवण व्हावी अशी ही रीत. उपासनेत इंग्रजी चालींऐवजी तेलुगू पदे आली. आमचे रेव्हरंड नारायण वामन टिळक अभंगाच्या वाटेने जे करू पाहत होते, तेच हे. १९३९ साली पूर्ण झालेल्या त्यांच्या कॅथीड्रलात घुमट मशिदीच्या घाटाचे आणि खांब देवळाच्या वळणाचे आहेत. १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या धर्मप्रांतातील ख्रिस्ती लोकांची संख्या दोन लाखांच्या आसपास गेली होती. त्यात काही स्पृश्य जातींची कुटुंबेही होती.

हा आकडा वाचून हिंदू वाचकाच्या कपाळाला आठी पडेल, हे आम्ही जाणतो. महात्मा गांधींच्याही पडली होती. १९३६–३७ च्या सुमारास त्यांनी सामुदायिक धर्मांतरावर कठोर टीका केली. दीनदलितांना धर्मतत्त्वांची पारख करता येत नाही, ते ऐहिक लाभाला भुलतात, असा त्यांचा रोख होता. अझरया यांचे म्हणणे असे की, माला-मादिगांनाही स्वतःचे मन आहे आणि ते काय निवडतात हे दुसऱ्याने ठरवू नये. या वादात गांधींची काळजी खोटी नव्हती. दुष्काळात धान्य वाटून माणसे जोडल्याची उदाहरणे आपल्या देशात आहेत. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. याच अझरया यांनी ख्रिस्ती समाजासाठी स्वतंत्र मतदारसंघ नकोत अशी भूमिका घेतली होती. डोकी मोजून सत्तेचा वाटा मागणारा माणूस असे करता ना. आणि जो माला माणूस त्यांच्या चटईवर येऊन बसला, त्याला त्याआधी आपल्यापैकी कोणी आपल्या ओटीवर बसविले होते? एडिंबरोत अझरया यांनी साहेबाला विचारलेला जेवणाचा प्रश्न आपल्याही दारात उभा आहे, आणि त्याला मिशनऱ्यांच्या नावाने बोटे मोडणे हे उत्तर होत नाही.

चर्चही या प्रश्नातून सुटले नाही. माला आणि मादिगा ख्रिस्ती झाले तरी एकमेकांपासून दूर बसत. एका प्याल्यातून प्रसाद घेण्यास कांकूं करीत. अझरया यांनी त्यापुढे मान तुकविली नाही, पण जात पुरती हटली असेही झाले नाही. १९३५ साली येवल्यास डॉ. आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, तेव्हा सर्व धर्मांचे पुढारी त्यांच्याकडे धावले. आंबेडकरांनी ख्रिस्ती पंथोपपंथांच्या फुटीवर नेमके बोट ठेवले आणि ते अझरया यांना फार लागले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. १९३७ साली ते पुन्हा एडिंबरोस गेले, ते चर्चच्या ऐक्यासाठी. १९१९ साली त्रांकेबार येथे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐक्याचा जाहीरनामा काढला होता. पाश्चात्त्यांनी आपली जुनी भांडणे येथे आणून लावली, ती आम्ही का वाहावी, हा त्यांचा सवाल होता. अठरा वर्षे लोटली तरी समित्या बसतच होत्या.

१ जानेवारी १९४५ रोजी डोर्नकल येथे तापाच्या दुखण्याने त्यांचा अंत झाला. अँग्लिकन, मेथडिस्ट आणि इतर पंथ मिळून दक्षिण भारतीय चर्च स्थापन झाले ते २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासला. देश सहा आठवड्यांपूर्वी स्वतंत्र झाला होता. डोर्नकल मात्र अजून निजामाच्या ताब्यात होते, आणि आणखी वर्षभर तसेच राहायचे होते.