पहिल्या कार्डाचा मानकरी

मागच्या वर्षी मी पासष्टीचा झालो आणि टपालाने मेडिकेअरचं कार्ड आलं. लाल-पांढरं-निळं, कागदाचं, अगदी साधं. इतकी वर्षं पगारातून मेडिकेअरच्या नावाने पैसे कापले जायचे आणि मी दर वेळी कुरकुरायचो. कार्ड हातात घेतलं आणि दादांची, माझ्या वडिलांची, आठवण झाली. ग्रीनकार्डावर इथे येऊन त्यांना जेमतेम दोन वर्षं झाली होती, तेव्हा त्यांना हार्ट अटॅक आला. इथे नोकरी न केलेल्या माणसाला सलग पाच वर्षं राहिल्याशिवाय मेडिकेअर विकतसुद्धा घेता येत नाही, हे आम्हाला त्या आठवड्यात कळलं. दादा वाचले. बिल मात्र मी सहा वर्षं हप्त्यांनी फेडलं.

म्हणूनच मुलाकडे कॅन्सस सिटीला गेलो असताना शेजारच्या इंडिपेन्डन्स गावी हॅरी ट्रुमन यांचं संग्रहालय बघायला गेलो. मेडिकेअरचं पहिलं कार्ड या माणसाचं. आपल्याला ट्रुमन म्हटलं की फक्त हिरोशिमा आठवतं, शाळेत तेवढंच शिकवलं होतं.

जन्म ८ मे १८८४, मिसुरीतल्या लमार गावी, शेतकऱ्याच्या घरी. लहानपणापासून जाड भिंगांचा चष्मा. दहा वर्षांचे असताना घटसर्प झाला, हातपाय लुळे पडले, आईने काही महिने बाबागाडीतून फिरवलं. पुढे पैशांअभावी पदवी राहिली ती राहिलीच. पदवी नसलेले ते आजवरचे शेवटचे राष्ट्राध्यक्ष. अकरा वर्षं शेती केली, पहिल्या महायुद्धात तोफखान्यात कॅप्टन झाले. १९१९ साली बेसशी लग्न केलं आणि चक्क घरजावई झाले! सासूबाई पुढे व्हाइट हाउसमध्येही त्यांच्याबरोबर राहिल्या.

त्याच वर्षी मित्राबरोबर पुरुषांच्या कपड्यांचं दुकान काढलं. १९२२ मध्ये ते बुडालं. मित्राने शेवटी दिवाळं जाहीर केलं, ट्रुमननी केलं नाही. पंधराएक वर्षं कर्ज फेडत राहिले. संग्रहालयात हे वाचताना मी जरा जास्तच वेळ रेंगाळलो.

मग काउंटी जज्ज (नावालाच न्यायाधीश, काम रस्ते आणि इमारतींचं), मग सिनेटर, मग उपाध्यक्ष. रूझवेल्ट गेले आणि १२ एप्रिल १९४५ ला राष्ट्राध्यक्षपद अंगावर येऊन पडलं. सात महिन्यांनी, १९ नोव्हेंबरला, त्यांनी काँग्रेसपुढे सर्व अमेरिकनांसाठी आरोग्यविम्याची योजना मांडली. सैन्यभरतीत सुमारे पन्नास लाख तरुण शारीरिक वा मानसिक कारणांनी अपात्र ठरले होते, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली होती. सगळ्यांनी कमाईतून थोडं थोडं भरायचं, डॉक्टर आणि हॉस्पिटलं खाजगीच राहणार, अशी कल्पना. पण डॉक्टरांच्या संघटनेने हा समाजवाद आहे अशी आवई उठवली. १९४८ ची निवडणूक ट्रुमन अनपेक्षितपणे जिंकले, तेव्हा संघटनेने प्रत्येक सभासदाकडून पंचवीस डॉलर गोळा करून प्रचार केला. योजना बारगळली. सगळ्यांना नाही तर निदान म्हाताऱ्यांना तरी द्या, हा विचार त्यांच्याच कारकिर्दीच्या शेवटी पुढे आला, पण तोही तेव्हा जमला नाही. १९५३ मध्ये ते सासरच्या घरी परतले तेव्हा सरकारकडून मिळत होती फक्त लष्करी पेन्शन, महिना ११२ डॉलर ५६ सेंट.

३० जुलै १९६५ ला लिंडन जॉन्सन मुद्दाम इंडिपेन्डन्सला आले आणि एक्क्याऐंशी वर्षांच्या ट्रुमनसमोर त्यांनी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली. पहिलं कार्ड हॅरींना, दुसरं बेसना. पार्ट ए म्हणजे हॉस्पिटल, ज्यासाठी आपला पगार कापतात तो. पार्ट बी म्हणजे डॉक्टर, त्याचा हप्ता तेव्हा महिना तीन डॉलर होता. (आजचा आकडा सांगत नाही, दिवाळी आहे.)

ऑक्टोबर १९७२ मध्ये निक्सन यांनी त्या कायद्यात अपंगत्वाचा भत्ता दोन वर्षं घेतलेल्यांना आणि मूत्रपिंडं निकामी झालेल्यांनाही आणलं. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २६ डिसेंबरला, ट्रुमन गेले. बेस आणखी दहा वर्षं जगल्या.

मला पार्ट ए फुकट आहे, कारण दहा वर्षांहून जास्त नोकरी झाली. हिने नोकरी केली नाही, पण माझ्या नोकरीवर तिलाही ते मिळेल. पार्ट बीसाठी मात्र वाढदिवसाचा महिना, आधीचे तीन आणि नंतरचे तीन, एवढ्यातच नाव घालायचं. नोकरीचा विमा चालू नसताना ही मुदत चुकली, तर उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्ता दहा टक्क्यांनी वाढतो, आणि तो सहसा कायमचा. शिवाय हे कार्ड भारतात चालत नाही. सहा महिने पुणे, सहा महिने इथे, असे बेत करणाऱ्यांनी (आमच्या घरातही एकजण आहे) तिकडचा विमा वेगळा बघावा.

हिचा पासष्टावा वाढदिवस येत्या मार्चमध्ये. घरी आल्या आल्या कॅलेंडरवर डिसेंबरच्या पानावर लाल पेनाने खूण करून ठेवली.